थांबा कुणाचा? सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका सकाळचं प्रकरण

आमची ताई सांगलीच्या गावभागात राहते आणि मिरजेत एका दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात कामाला आहे. नऊच्या आत अंगठा लावावा लागतो. उशीर झाला की रजिस्टरात लाल खूण, तीन लाल खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाची रजा कापली. बारा वर्षं ती स्कूटीवरून जात होती. मग कमरेचं दुखणं निघालं आणि हाडाच्या डॉक्टरांनी दुचाकी बंद करायला सांगितली. घरात चारचाकी नाही. पन्नाशीकडं झुकलेल्या बाईनं रोज दहा किलोमीटर जायचं आणि दहा किलोमीटर यायचं, ते आता कशानं, एवढाच प्रश्न होता.

कागदावर पर्याय भरपूर. सांगली आणि मिरजेच्या मध्ये एसटीची सिटी बस आहे. वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी रिक्षा, आहे. मीटरवाली किंवा ठरवून नेणारी रिक्षा आहे. रेल्वे तर आहेच, मिरज म्हणजे जंक्शन. पुण्यातल्या माणसाला हेवा वाटावा अशी यादी. तरीही पहिल्याच महिन्यात ताईच्या लाल खुणा झाल्या आणि अर्धा दिवस गेला. तिनं घरी येऊन पर्स टेबलावर आपटली आणि मला म्हणाली, "तू एवढा सगळ्यांना शहाणपण शिकवतोस, एकदा माझ्याबरोबर येऊन बघ." म्हणून पुढचे पंधरा दिवस मी गेलो. खिशात छोटी वही ठेवली. हे टिपण त्या वहीतून उतरलेलं आहे.

आधी रस्ता सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हा एक रस्ता म्हणजे काय ते चटकन कळत नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिघांची मिळून 9 फेब्रुवारी 1998 ला महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाख दोन हजारांच्या पुढं होती. पण गाव एक झालं तरी पोट दोन राहिली. सांगलीचं पोट बाजारपेठेत, हळदीच्या मार्केट यार्डात. मिरजेचं पोट दवाखान्यांत आणि रेल्वेत. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे हा रस्ता: राम मंदिर, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, पुढं विजयनगर, वानलेसवाडी, मग मिरज. पूर्वी मधला भाग मोकळा होता. विलिंग्डन कॉलेज 1919 मध्ये आणि वालचंद कॉलेज 1947 मध्ये आलं तेव्हा ती गावाबाहेरची जागा होती. आता तोच गावाचा मध्य आहे. जिल्हाधिकारी कार्यालय राजवाडा चौकातून विजयनगरला गेलं, कोर्टही तिकडंच. म्हणजे दाखल्यासाठी, सातबाऱ्याच्या भानगडीसाठी, तारखेसाठी जो माणूस आधी बाजारात येऊन जाता जाता काम उरकायचा, तो आता याच रस्त्यावर येतो.

आणि पूर. हा मुद्दा वाहतुकीच्या अहवालात कुणी लिहीत नाही, पण सांगलीकराला तो सांगावा लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही वेळा पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. ज्यांना जमलं ते 2019 नंतर विश्रामबागेकडं वर सरकले. राहायला वर, दुकान खाली, म्हातारे आईवडील गावभागात. एका कुटुंबाच्या रोजच्या फेऱ्या अशा दुप्पट झाल्या.

रेल्वेचा निकाल पहिल्या दोन दिवसांत लागला. सांगलीत स्टेशन चौक आहे, पण तिथं स्टेशन नाही. मिरज-सांगली मीटरगेजची लाइन 1907 मध्ये सुरू झाली तेव्हा गाडी थेट गावाच्या उंबऱ्याशी यायची. ब्रॉडगेज आल्यावर स्टेशन कडेला गेलं, नाव तेवढं चौकाला उरलं. गावभागातून आजच्या स्टेशनवर जायला रिक्षा, तिथून मिरजेला सुखाचा प्रवास, आणि मिरज स्टेशनातून दवाखान्यापर्यंत पुन्हा रिक्षा. मधला तुकडा स्वस्त, दोन्ही टोकं महाग. शिवाय गाडी लांबून येणारी, तिच्या वेळेचा भरवसा आपल्या अंगठ्याला नाही. विश्रामबागेलाही स्टेशन आहे, पण ताईला त्याचा उपयोग शून्य. रेल्वे सोडून दिली.

उरली बस आणि वडाप. खरं प्रकरण या दोघांत आहे.

वडाप हा शब्द सातारा-सांगली-कोल्हापूरकडं राहिलेल्याला समजावायला नको. इतरांसाठी एवढंच की सीटवर पैसे घेऊन, वाटेत हात दाखवील तिथं थांबत जाणारं वाहन. पूर्वी ट्रॅक्स, मग सहा आसनी, आता या रस्त्यावर बहुतेक तीनचाकी. भरली की निघते. हीच तिची ताकद आणि हाच तिचा जाच. कायद्यानं बघायला गेलं तर मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे रिक्षाचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा असतो, म्हणजे एका गिऱ्हाइकानं ठरवून न्यायची. टप्प्याटप्प्यानं माणसं घेत सोडत जाणं हे बसचं काम, त्याला टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. व्यवहारात हा फरक केव्हाच पुसला गेलाय. 2017 मध्ये राज्यात रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठली आणि ज्याला दुसरा धंदा नाही त्यानं कर्ज काढून रिक्षा घेतली. मग कोविड आला. त्याच्या पाठोपाठ 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. त्या काळात या रस्त्यावर माणसं नेली ती वडापनंच. माझ्या मते बसचं गिऱ्हाईक तेव्हा तुटलं ते पुरतं परत आलं नाही. ज्याला जमलं त्यानं हप्त्यावर मोपेड घेतली, ज्याला जमलं नाही त्याला वडापची सवय लागली.

मोपेडचं गणित इतकं सरळ आहे की त्याच्यावर रागावता येत नाही. दहा अधिक दहा, रोजचे वीस किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस धरलं आणि पेट्रोल शंभराच्या थोडं वर धरलं तर सत्तेचाळीस रुपयांच्या आसपास. नवरा-बायको दोघं एकाच गाडीवर गेले तरी तेवढेच. 25 जानेवारी 2025 ला एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. दोघांची जाऊन येऊन चार तिकिटं काढली की मोपेडच्या आकड्याच्या वर जातं. म्हणजे बसला मोपेडशी पैशांत बरोबरी करताच येणार नाही. बस जिंकू शकते ती एकाच गोष्टीत: अमुक वाजता निघाले की तमुक वाजता पोहोचले, याची खात्री. ती खात्री कुठं सांडते हे शोधायला मी गेलो होतो.

माझी अपेक्षा अशी होती की बस वेळेवर सुटतच नसणार. तिथं मी चुकलो. आम्ही धरायचो ती 8:10 ची गाडी स्टँडवरून बहुतेक दिवशी दोन-चार मिनिटांच्या फरकानं सुटायची. राम मंदिरापर्यंतही ठीक. वेळ जायचा तो थांब्यांवर. सिग्नलवरही जायचा, पण सिग्नलचा वेळ रोज साधारण सारखाच असतो, तो धरून घरातून निघता येतं. थांब्यावरचा वेळ रोज वेगळा.

विश्रामबागेचा थांबा घ्या. सकाळी साडेआठ. डाव्या बाजूला शेड, शेडमध्ये पंधरा-वीस माणसं: कॉलेजची पोरं, डबा घेतलेल्या दोन नर्स, विजापूरकडून आलेलं एक जोडपं, त्यातल्या म्हाताऱ्याच्या हातात एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा. शेडच्या बरोबर पुढं वडाप उभी. तिच्या पुढं तिरकी दुसरी. तिसरी त्या दोघींच्या मध्ये नाक घालून, मागचं चाक रस्त्यावर. प्रत्येकीत दोन-दोन, तीन-तीन माणसं बसलेली आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळून "मिरज मिरज मिरज, एक सीट, लगेच" असा गजर करतोय. एक सीट म्हणजे एक सीट नसते हे सगळ्यांना माहीत असतं. तेवढ्यात आमची बस येते. तिला शेडशी लागायला जागा नाही. ड्रायव्हर ती दुसऱ्या रांगेत, रस्त्याच्या मध्यावर उभी करतो. आता शेडमधल्या माणसांनी वडापच्या फटीतून, मोपेडवाल्यांना चुकवत रस्त्यात यायचं आणि बसच्या दाराला लटकायचं. एक्स-रेवाला म्हातारा निघतो, मध्येच थबकतो, कारण डावीकडून मोपेड. त्याची बायको त्याच्या शर्टाला धरते. कंडक्टर वरून ओरडतो, "या आजोबा, या, थांबवलीय." मागं हॉर्नची रांग. बस मध्ये उभी म्हणून मागच्या कार उजवीकडून काढायला जातात आणि समोरून वळणारा टेम्पो त्यांना आडवा येतो. आता कुणीच हलत नाही. वडाप हलत नाही कारण भरली नाही, आणि भरली तरी पुढच्या वडापनं वाट अडवलीय. बस हलत नाही कारण पुढं टेम्पो.

ताईनं घड्याळ दाखवलं. 8:33 ला आलो होतो, 8:42 ला निघालो. नऊ मिनिटं, आणि त्यात माणसं चढायला लागली असतील दीड-दोन मिनिटं. अशा थांब्यांची संख्या गुणून बघा.

एवढ्यावर निष्कर्ष सोपा वाटतो: वडाप हटवा. मीही वहीत तसंच लिहिलं होतं, खोडलं नंतर. एका संध्याकाळी परतताना वडापनं आलो, मुद्दाम पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. चाळिशीचा माणूस, आधी एका कारखान्यात होता. मी विचारलं, "मामा, शेडपासून वीस-तीस मीटर पुढं लावली तर काय बिघडेल? बसही लागेल, तुम्हालाही माणसं मिळतील."

ते हसले. "साहेब, मी पुढं लावली की मागं येणारा शेडपुढं लावणार आणि माझं पॅसेंजर उचलणार. सगळे पुढं गेले तर मीबी जातो. एकट्यानं शहाणपणा करायचा म्हणजे उपाशी राहायचं."

हे वाक्य मी घरी येऊन दोनदा वाचलं. मग त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली. सांगलीच्या टोकाला आणि मिरजेच्या टोकाला वडापला नंबर असतो. ज्याचा नंबर त्यानं भरायची, भरली की निघायचं, मागच्यानं एक पाऊल पुढं यायचं. तिथं भांडण नाही, तिरकी गाडी नाही, कारण घाई करून मिळणार काही नसतं. मधल्या थांब्यांवर नंबर नाही. तिथं जो नाक घालील त्याचं सीट. म्हणजे दोन्ही टोकांना शिस्त त्याच माणसांनी लावून घेतली आहे, पोलिसाशिवाय. मध्ये ती लागलेली नाही, एवढाच फरक.

याचा पडताळा अकराव्या दिवशी मिळाला, तोही फुकट. कुणा मोठ्या माणसाचा दौरा होता. सकाळपासून चौकाचौकात बंदोबस्त. विश्रामबागेला एक हवालदार शेडच्या खांबाला टेकून उभे. त्यांनी काही विशेष केलं नाही. येणाऱ्या प्रत्येक वडापला हातानं पुढं सरकवलं, शेडपासून साधारण तीन बसच्या लांबीएवढं. तिथं त्या ओळीनं लागल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, कारण सगळेच पुढं होते. आमची बस आली, शेडला घासून लागली, माणसं चढली, निघाली. मी मोबाइलवर मोजलं, एक मिनिटही लागलं नाही. आणि वडाप रिकाम्या राहिल्या म्हणावं तर तसंही नाही. बसमध्ये उभं राहायची तयारी नसलेली माणसं चार पावलं चालून वडापकडं गेली. दौरा संपला, हवालदार गेले. संध्याकाळी परतलो तर पुन्हा तिरक्या.

जागेचा हिशेबही एकदा करून बघण्यासारखा आहे. रिक्षाला परवाना तीन प्रवाशांचा. एसटीच्या साध्या गाडीत चव्वेचाळीस जागा. एका बसची माणसं नियमाप्रमाणे न्यायची तर पंधरा रिक्षा. एक रिक्षा पावणेतीन मीटर, मधलं अंतर धरून पाच मीटर, म्हणजे पंचाहत्तर मीटरची रांग. बस अकरा-बारा मीटर. अर्थात वडाप तीन माणसांवर थांबत नाही, तो हिशेब वेगळा आणि ताईच्या कमरेनं तो चांगलाच ओळखलाय.

मग बस जास्त का सोडत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. यात एसटीला शिव्या घालणं सोपं आहे, पण आगाराच्या खुर्चीत बसून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. आगाराचा हिशेब दोन शब्दांवर चालतो: भारमान, म्हणजे गाडी किती भरली, आणि किलोमीटरमागं उत्पन्न. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि लांबच्या गाड्या भरून वाहायला लागल्या. हातात गाडी एक, ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी एक. ती पुण्याला पाठवायची, की विश्रामबागेत नऊ मिनिटं उभी राहणाऱ्या फेरीवर घालायची? सिटीच्या फेरीत पासवाली मुलं बरीच, त्यांच्या पासाला 66.67 टक्के सवलत. ही सवलत हवीच, पण त्या फेरीचं उत्पन्न त्यामुळं कागदावर कमी दिसतं. मूळ काम एसटीचं नाहीच. कोल्हापूरला महापालिकेची स्वतःची बससेवा, केएमटी, आहे, पन्नास किलोमीटरवर. आपल्याकडं महापालिका बस चालवत नाही, आणि कायद्यानं तिला सक्तीही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात गटार, दिवाबत्ती, पाणी ही बंधनकारक कामं. प्रवासी वाहतूक कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको.

आता विजेच्या बसची चर्चा आहे. केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली: दहा हजार बस, तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी, बस चालवायला दहा वर्षं मदत. सांगली-मिरज-कुपवाड लोकसंख्येच्या निकषात बसतं. साताऱ्याला हे नशीब नाही, ते तीन लाखांच्या बरंच खाली. मला या बस हव्या आहेत, आवाज नाही, धूर नाही, पायरी खाली. पण शेडपुढची जागा मोकळी नसेल तर विजेची बसही रस्त्याच्या मध्यावरच उभी राहील, फक्त गार हवेत.

विश्रामबागेच्या त्या शेडपाशी उभं राहून मोजलं तर शेड महापालिकेची, गाडी एसटीची, वडापचा परवाना आरटीओचा आणि शिट्टी वाहतूक पोलिसांची. चौघांनी मिळून करायचं काम खरं तर दुपारभराचं आहे. शेडपुढं पिवळा पट्टा, फक्त बससाठी. त्याच्या पुढं तीस मीटरवर वडापचा पट्टा, आणि तिथं दोन्ही टोकांसारखाच नंबर, युनियनच्याच माणसाच्या हातात. सुरुवातीचे महिनाभर सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ एक हवालदार. सहा-सात थांबे पुरेत. त्यानंतर आहेत त्याच बस दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं, सरळ याच रस्त्यावर, गल्लीबोळात न घालता. गल्लीबोळातून माणसं थांब्यावर आणायला वडापइतकं चांगलं वाहन नाही, आणि रात्री दहाला ताईला दारात सोडून आत कडी लागेपर्यंत थांबणारा वडापवालाच असतो. त्याला संपवून कुणाचंच भलं नाही.

एका आक्षेपाला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. बस दर दहा मिनिटांनी येऊन लगेच निघायला लागली तर या रस्त्यावर वडापचं गिऱ्हाईक घटणारच. कर्जाची रिक्षा घेतलेल्या माणसानं मग काय करायचं? मामांना विचारलं तर म्हणाले, "आता दोन तास भरण्यात जातात. तेवढ्यात कुपवाडच्या दोन फेऱ्या होतील. पण लिहून कोण देणार?"

हे सगळं आम्ही एका अर्जात उतरवलं, पान सव्वा, सोबत हातानं काढलेला थांब्याचा नकाशा. अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलेलं नाही.

ताईनं वाट बघितली नाही. ती आता 7:35 ची गाडी धरते. त्या वेळी कॉलेजची पोरं नसतात, थांब्यांवर वडाप एखाद-दुसरीच, आणि सव्वाआठच्या आत मिरज येते. उरलेला पाऊण तास ती दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून घरची भाजी निवडते, सोबतीला रात्रपाळी संपवून बसची वाट बघणाऱ्या दोन मावश्या. रविवारी बाजारात निघालो तेव्हा मला हाक मारून म्हणाली, "मेथी आणि चवळी आण. गवार नको, बोटं काळी होतात आणि मग अंगठा लागत नाही."